आठ प्रहरांची ड्युटी

मी हॉस्पिटलात नर्स आहे आणि शास्त्रीय गाणं शिकते. रात्रपाळी लागली की मला मालकंस राग मिळतो, तोडी मिळते. दुपारची पाळी लागली की मारवा जातो, पूरिया जातो, यमनही जातो. सकाळच्या पाळीत तोडी आणि सारंग हॉस्पिटलच्या भिंतीआड राहतात, पण भीमपलासीच्या वेळेला मी घरी पोचलेली असते. महिन्याचा रोस्टर इन-चार्ज सिस्टरांच्या टेबलाशेजारी लागला की बाकीच्या मुली ऑफ कुठल्या दिवशी ते बघतात. मी ऑफ बघते आणि मग राग बघते.

इंदूरला येण्याआधी ही वेळेची गोष्ट माझ्यासाठी फक्त वहीत होती. रावेरला मी ज्या मास्तरांकडे शिकले ते दिवसा शाळेत शिकवायचे, त्यामुळे क्लास संध्याकाळी सहाचा. परीक्षेला जे जे राग लागले ते सगळे संध्याकाळी सहालाच शिकले. भैरव सहाला, आसावरी सहाला, बागेश्रीही सहाला. तोंडी परीक्षेत ‘गानसमय?’ असं विचारलं की ‘दिवसाचा पहिला प्रहर’ म्हणून मोकळं व्हायचं. तीन तासांचा एक प्रहर, असे आठ. पंडित भातखंड्यांनी रागांच्या वेळा स्वरांवरून मांडून दाखवल्या: पहाटे आणि दिवेलागणीला कोमल रिषभाचे संधिप्रकाश राग, दिवसा शुद्ध मध्यमाचं राज्य, सूर्य कलला की तीव्र मध्यमाचं. हे सगळं मला पाठ होतं आणि त्यावर गुणही मिळाले होते. पण ललित ज्या वेळेचा आहे त्या वेळी मी गाढ झोपलेली असायची. शिकणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं असंच होतं. मैफली संध्याकाळच्या, क्लास संध्याकाळचे, आणि अर्धे राग वर्षानुवर्षं चुकीच्या उजेडात शिकले जातात.

मला आठही प्रहर जागं ठेवलं ते नोकरीनं.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, जळगावला झालं. पुढे पुणं-मुंबई सोडून इंदूर का, असं मामांनी विचारलं होतं. रावेर-बऱ्हाणपूरकडच्या माणसाला खरं तर याचं उत्तर द्यावं लागत नाही. आमच्याकडे पेशंट गंभीर झाला की गाडी इंदूरच्या रस्त्याला लागते. बऱ्हाणपूर, खंडवा, सनावद, मग मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल. तिथे बसमधल्या बायका खिडकीतून नाणी टाकतात. बडवाहनंतर घाट चढून बस माळव्यावर आली की हवा बदलते. खानदेशातल्या उन्हातून आलेल्या माणसाला ती हवा कपाळावर हात ठेवल्यासारखी लागते. इंदूरला मोठी हॉस्पिटलं आहेत, नोकऱ्या आहेत, पुण्याच्या मानानं भाडं परवडतं, आणि मराठी बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहेत. मामांना मी एवढीच कारणं सांगितली. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ या गावचे आणि कुमार गंधर्वांचं देवास इथून तास-दीड तासावर, हे मनातलं कारण सांगितलं नाही. महाराष्ट्राच्या नर्सिंग कौन्सिलची ना-हरकत, मग मध्य प्रदेशातली नोंदणी, हा कागदांचा प्रवास बसच्या प्रवासापेक्षा बराच लांबला. पण झाला.

पहिली जागा गीता भवनजवळ, पीजी. एका खोलीत तिघी, तिघींच्या पाळ्या वेगळ्या. म्हणजे कुठल्याही वेळी खोलीत कोणी ना कोणी झोपलेलं. रात्रपाळी करून आलेल्या मुलीची झोप मोडायची नाही, हा नर्सेसचा अलिखित नियम आहे आणि तो मला आजही योग्यच वाटतो. त्या काळात मी तोंड मिटून, कानात तानपुऱ्याचं ॲप लावून, सूर नुसता डोक्यात धरायची. कोणी म्हणेल हा रियाज नव्हे. माझ्या मते तो होता. आवाज न काढता गंधार कुठे आहे हे शोधायचं आणि मग कधीतरी गच्चीवर जाऊन, तो तिथेच लागतो का ते पडताळायचं. कान असाच तयार होतो. ज्यांना घसा मोकळा सोडायला जागा आहे त्यांनीही हे करून बघावं असं मी मनापासून सांगेन.

पुढे लोकमान्य नगरात एका आजींच्या घरी वरची खोली मिळाली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो गाण्याबद्दल, कारण मी तानपुऱ्याची पेटी आधी आत आणली होती. “किती वाजता गातेस?” मी म्हटलं, पाळीप्रमाणे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “रात्री हळू. सकाळी कितीही.” शहरात गाणाऱ्या माणसाला लागते ती एवढी सूट. भाडं दोन पैसे जास्त चालेल, पण भिंतीपलीकडच्या माणसानं हो म्हटलेलं असावं.

ज्यांच्याकडे शिकते त्या बाई रामबागेत राहतात. संगीत शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, आता मोजक्या मुलींना शिकवतात. पहिल्याच भेटीत मी माझी अडचण सांगितली: दर आठवड्याला वार आणि वेळ बदलणार. बऱ्याच ठिकाणी याच मुद्द्यावर नकार आला होता. क्लासेसना ठरलेला वार लागतो, त्यात त्यांचीही चूक नाही. बाईंनी रोस्टर मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. “या आठवड्यात नाईट आहे ना तुझी? मग सुटलीस की सरळ इकडे ये. नऊ वाजता तोडी करू. अंघोळ इथे कर, पण उपाशी गाऊ नकोस.” त्या दिवसापासून माझा अभ्यासक्रम रोस्टरवर चालतो. नाईट असेल तर सकाळी तोडी. सकाळची पाळी असेल तर दुपारी भीमपलासी, पटदीप, नाहीतर संध्याकाळी पूरिया धनाश्री. गुरुवारची दुपारची पाळी लागली तर माझी एक मल्याळी मैत्रीण ती घेते, बदल्यात तिची रविवार सकाळ मी करते, कारण तिला चर्चला जायचं असतं. हे एक्सचेंज आम्ही इतकी वर्षं सांभाळलं आहे की इन-चार्ज सिस्टर आता विचारतही नाहीत.

रात्र जागून आलेल्या गळ्यात खर्ज सापडतो हे मला बाईंनी दाखवलं. सकाळी आवाज जड असतो, वरचा सा गाठायला जाऊच नये, खाली उतरावं. मंद्र पंचमावर, त्याखाली, जमेल तितकं शांत थांबावं. थकलेल्या माणसाला उगाच हरकती घ्यायची ताकद नसते, आणि तोडीच्या त्या अतिकोमल गंधाराला ते मानवतं. मी विश्रांती घेऊन गायलेली तोडी आणि नाईट करून गायलेली तोडी यांत बाईंना दुसरी आवडते. अर्थात याची किंमत आहे. रात्रभर एसी, बारा तास मास्क, मध्यरात्रीनंतरचा चहा, अवेळी जेवण यानं घसा कोरडा पडतो आणि आम्लपित्तानं सूज येते. म्हणून मी ड्युटीवर पाण्याची बाटली सोडत नाही, पहाटेचा चहा बंद केला आहे, आणि सुटल्यावर कोपऱ्यावरच्या पोह्यांवर जिरावन हा इथला तिखट मसाला टाकून घेत नाही. इंदुरात राहून जिरावन सोडणं सोपं नाही.

आता कामाबद्दल. मी छातीच्या आणि ऑपरेशननंतरच्या पेशंटांमध्ये काम करते. नर्सनं श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण आजारी माणसाचा श्वास सारखा चालत नाही. मोठ्या माणसाचा मिनिटाला बारा ते वीस. पेशंटला कळू न देता मोजायचा, नाहीतर तो श्वास बदलतो, म्हणून नाडी बघितल्यासारखं करून नजर छातीवर ठेवायची. हे मिनिट खूप मोठं असतं. नवीन मुलींना ते निघत नाही, त्या चाळीस सेकंदांवरच चार्टकडे वळतात.

अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा तालातला ख्याल मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला तेव्हा हेच मिनिट मला तिथे भेटलं. झुमऱ्याच्या चौदा मात्रा. त्यांची लय इतकी संथ की एक आवर्तन साधारण मिनिटभर चालतं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, गेली की पुढची सम एक मिनिटानं. त्या मिनिटात ते घाई करत नाहीत आणि रिकामंही ठेवत नाहीत. रावेरला असताना मला हे गाणं झोप आणणारं वाटायचं, आणि तसं वाटणारे पुष्कळ आहेत. पण एका खाटेशेजारी उभं राहून पूर्ण मिनिट ज्यानं मोजलं आहे त्याला ती लय संथ वाटत नाही. त्यात दर क्षणाला काहीतरी घडत असतं. मेरुखंडाचं, म्हणजे स्वरांचे क्रम बदलून मांडण्याचं, गणितही त्यांच्या गाण्यात असंच दिसतं. सात स्वर एकदाच वापरून मांडायचे तर ५०४० क्रम होतात. खाँसाहेबांनी वडील शाहमीर खाँ यांच्याकडे लहानपणी ही पद्धत घोटली. ऐकताना मात्र आकडे जाणवत नाहीत, एकच माणूस विचार करत बसला आहे एवढंच जाणवतं.

बाई मला झुमरा लगेच देईनात. आधी एकतालच, तोही मध्यविलंबित. “मिनिट धरायला येतं तुला, पण भरायला यायचं आहे,” असं त्या म्हणतात.

कानाचा उपयोग कामात होतो का, असं विचारतात. होतो, आणि तो कल्पनेतला नाही. ऑपरेशननंतरच्या रिकव्हरी खोलीत नाडीबरोबर जो मॉनिटर वाजतो, त्याच्या ठोक्याची पट्टी रक्तातल्या ऑक्सिजनबरोबर बदलते. ऑक्सिजन उतरला की स्वर उतरतो. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, म्हणजे डॉक्टर-नर्सची नजर दुसरीकडे असली तरी कानावर यावं. शंभरावरून शहाण्णवला आलं तर फरक सूक्ष्म असतो, पण सुरात बसलेल्या कानाला तो टोचतो. मी पाठमोरी सलाइन लावत असताना वळून बघते ते त्यामुळे. उलटही खरं आहे. दोन बाजूंना दोन इन्फ्यूजन पंप वेगवेगळ्या पट्टीत वाजायला लागले की दिवसभर ती बेसूर जोडी डोक्यातून जात नाही, आणि मग घरी तानपुरा लावून दहा मिनिटं नुसतं बसावं लागतं.

वॉर्डात मात्र मी गात नाही. सहकारी आग्रह करतात, एखाद्या आजोबांनी फर्माइश केली तर हसून टाळते. गाणं ऐकणं हा ज्याचा त्याचा निर्णय असतो आणि खाटेवरच्या माणसाला उठून जाता येत नाही. नळ्या लावलेल्या माणसाला शांतता हवी असू शकते. त्याची कूस वेळेवर बदलणं, शिरेतली कॅन्युला न दुखवता लावणं, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवताना, त्याच्याबद्दलची एकही गोष्ट न विसरणं, हे मी त्याला देणं लागते. तेवढं नीट केलं की पुरे.

देवासला मी शक्यतो नाईट संपल्यानंतरच्या ऑफला जाते. पस्तीस-चाळीस किलोमीटर, बस मिळतच राहतात. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, दोघींचं दर्शन होतं, आणि टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर, भानुकुल. कुमारजी १९४८ साली इथे आले ते क्षयानं आजारी पडल्यावर, माळव्याच्या कोरड्या हवेसाठी. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि देशभर नाव झालेलं होतं. गाणं बंद. फुप्फुसांना विश्रांती म्हणजे बोलणंही कमी. स्ट्रेप्टोमायसिन नुकतंच मिळायला लागलं होतं. आज आम्ही क्षयाच्या पेशंटला चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स समजावून देतो आणि डोस चुकवू नका म्हणून दहा वेळा बजावतो. त्या काळी औषधांच्या बरोबरीनं हवा, अन्न आणि सेवा यांवर माणूस उभा राहायचा. जवळजवळ पाच वर्षं ते खाटेवर होते. त्या काळात त्यांच्या कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली, आणि पुढच्या त्यांच्या गाण्यात ती कशी उतरली हे सगळ्यांना माहीत आहे. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं असताना ते परत गायला लागले. ही गोष्ट मराठी घरांत नेहमी सांगितली जाते आणि सांगितली जावीच.

मला त्या घरासमोर उभं राहिलं की भानुमतीबाई आठवतात. त्या कुमारजींच्या पत्नी, आणि स्वतः गायिका. मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकलेल्या, कुमारजीही तिथेच शिकले. १९४७ साली लग्न झालं आणि पाठोपाठ हे आजारपण आलं. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. क्षयाच्या पेशंटची शुश्रूषा काय असते ते मी रोज करते म्हणून मला कळतं: थुंकीची भांडी, उकळलेले कपडे, ताप मोजणं, वजन मोजणं, जेवण जात नसताना चार घास भरवणं, आणि स्वतःला लागण होईल ही भीती तोंडावर न दिसू देणं. हे आम्ही पाळीनं करतो, आठ वाजता ओव्हर देऊन घरी जातो. भानुमतीबाईंना ओव्हर घ्यायला कोण होतं? १९६१ साली त्या गेल्या. कुमारजींच्या पुनरागमनाच्या गोष्टीत त्यांचं नाव सेवेपुरतं येतं. त्या गाणाऱ्या होत्या, हे वाक्याच्या शेवटी येतं, कधीकधी येतच नाही. नोकरी करून, आजारी माणसाची काळजी घेऊन, गळ्यात सूर असलेली बाई या माळव्यात माझ्या आधी होऊन गेली आहे. त्यांचं नाव मी गाणाऱ्यांच्या यादीत घेते आणि सगळ्यांनी घ्यावं असं मला वाटतं.

घरी गेले की अजून ऐकावं लागतं: दोन दगडांवर पाय ठेवू नये, एक काहीतरी धर. सांगणाऱ्यांची माया मला कळते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर जो गवई असतो, दिवसाचे दहा-दहा तास रियाज करणारा, त्याच्या ताटात जेवण कुठून येत होतं हेही बघायला हवं. शाहमीर खाँसाहेबांना होळकरांच्या दरबाराची नोकरी होती. गवयांना राजे पोसत, आणि राजे गेल्यावर रेडिओनं, कॉलेजांनी पोसलं. घरात स्वयंपाक दुसरं कोणीतरी करायचं. मला होळकरांचा आश्रय नाही, माझा पगार हाच माझा आश्रय आहे. त्याच पगारातून बाईंची फी जाते, खोलीचं भाडं जातं, तानपुऱ्याच्या तारा येतात. उद्या नोकरी सोडली तर वेळ मिळेल, पण मग लग्नाच्या रिसेप्शनला गाणी म्हणत फिरावं लागेल आणि झुमरा कायमचा लांब जाईल. नर्सिंग मी गाण्यासाठी सहन करते असंही नाही. चांगली कॅन्युला लावली, श्वास लागलेला माणूस पहाटेपर्यंत शांत झोपला, तर मला जे वाटतं ते सूर लागल्यावर वाटतं त्याच जातीचं आहे.

पहाटेबद्दल एक सांगायचं राहिलं. चारच्या सुमाराला माणसाच्या शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यांत खाली असतं. पेशंट त्याच वेळी चाळवतात, दम्याचे जास्तच, आणि आमच्याही पापण्या तेव्हाच जड होतात. रात्र संपलेली नसते आणि दिवसही लागलेला नसतो. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ का येतात, याचं शास्त्रातलं उत्तर मला ठाऊक आहे. पण त्या वेळी राउंड घेताना मनात ललित चालू असला की ते दोन मध्यम मला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. नाईटनंतरच्या ऑफला शरीर रात्री झोपायला तयार नसतं. मग दोन वाजता वरच्या खोलीत, आजींना दिलेल्या शब्दाप्रमाणे हळू, मालकंस, आणि मग चार वाजले की ललित. माझ्या वयाच्या किती गाणाऱ्या मुलींना हे राग त्यांच्या वेळेला गायला मिळत असतील?

म्हणून इंदुरातल्या, आणि खरं तर सगळीकडच्याच, संगीत सभा भरवणाऱ्या मंडळींकडे एक मागणं आहे. आपल्याकडे सकाळची मैफल म्हणजे दिवाळी पहाट, वर्षातून एकदा. ती गर्दीनं भरते, म्हणजे ऐकणारे आहेत. बाकी वर्षभर सगळं संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होतं, आणि तेव्हा दुपारच्या पाळीच्या नर्स, वॉर्डबॉय, लॅबवाले, बसचे कंडक्टर, रेल्वेची माणसं, सगळे कामावर असतात. महिन्यातून एखादी बैठक सकाळी नऊला ठेवून बघा. मोठं सभागृह नको, एखाद्या वाड्याची ओसरी, नाहीतर शाळेचा हॉल रविवारी मोकळाच असतो. गायकाला तोडी, देसकार, अल्हैया बिलावल मांडायची संधी मिळेल, जे राग आता बहुतेक ध्वनिमुद्रणातच ऐकू येतात. आठला सुटणारी माणसं ओव्हर देऊन, तोंड धुऊन नऊपर्यंत पोचू शकतात. आमच्या हॉस्पिटलातून आम्ही सहा-सात जण तरी नक्की येऊ. त्यात एक भूलतज्ज्ञ डॉक्टर आहेत, ते तबला वाजवतात, आणि साथीला कोणी मिळालं नाही तर त्यांना विचारता येईल.